रमाबाईंची पुढची गोष्ट पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार,

पंडिता रमाबाईंवर पेपरात काही आलं की संस्कृत, विधवांसाठी काढलेली शाळा शारदा सदन, झालं, १८८३ चा बाप्तिस्मा एका ओळीत उरकतात (अवघडल्यासारखं होत असेल). अहो पण खरी चिकाटी पुढंच आहे ना. आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं पण झाली नाहीत तर नवरा गेला, पदरात तान्ही पोर, आणि नंतर हीच बाई आमच्या दौंडजवळच्या केडगावला हिब्रू ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल करत बसली, वर्षानुवर्षं. १९२१ ला एकुलती एक मनोरमा गेली तरी काम सोडलं नाही, ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या, छापून पूर्ण झालं १९२४ ला.

लॉकडाऊनमध्ये माझं दुकान बसलं तेव्हा आई रोज संध्याकाळी खाकी कव्हरचं बायबल घेऊन बसायची, चष्म्याला दोरा बांधलेला, मला राग यायचा, म्हटलं वाचून भाडं भरणारे का. ती नुसतं पान उलटायची. आता चहाची गाडी टाकलीय, पहाटे चारला उठतो, ती माझ्या आधी उठलेली असते.

एखादा वार्ताहर केडगावला पाठवा ना, स्टेशन आहे तिथं.

एक वाचक, दौंड