माळ कोणी ओवली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवारच्या पुरवणीतला कॉकेशसवरचा लेख वाचला. वाचून पेपर रद्दीत टाकायला हवा होता, पण आज सकाळी बागेत ठिबकच्या नळ्या तपासतानाही तो डोक्यातून जाईना, म्हणून काम सोडून लिहायला बसलो. लेखकाची भाषा ओघवती आहे, फोटो तर दृष्ट लागण्यासारखे. पण जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान हे ‘एकाच माळेचे तीन मणी’, एक पाहिला की उरलेले दोन पाहिल्यासारखेच, हे त्यांना कोणी सांगितलं?

तिघांच्या भाषा तीन घराण्यांतल्या. जॉर्जियनची त्या डोंगरांबाहेर कोणाशी सोयरीक नाही, आणि तिची लिपी स्वतःची, ३३ अक्षरांची. आर्मेनियन ही आपल्या मराठीच्याच लांबच्या भाऊबंदांतली. तिची लिपी मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडिताने इ. स. ४०५ च्या सुमारास तयार केली. अझरबैजानी म्हणजे तुर्कीची सख्खी बहीण. तिला तर एकट्या विसाव्या शतकात अरबी, मग रोमन, मग रशियन आणि पुन्हा रोमन अशी लिपी बदलावी लागली. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येऊ नये, अशी चोख व्यवस्था. आर्मेनियाने ३०१ साली ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला असं मानतात, अझरबैजानमध्ये बहुसंख्य लोक शिया मुसलमान. तरी माळ एकच!

मी एवढा का चिडलोय, तेही सांगतो. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. २०२४ साली खरड छाटणी उरकून मे महिन्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती नाशिकच्याच एका टूर कंपनीबरोबर या तीन देशांत जाऊन आलो. कंपनीच्या रंगीत पत्रकात अझरबैजानचं बाकू ते जॉर्जियाचं तिबिलिसी ते आर्मेनियाचं येरेवान अशी लाल रेघ होती आणि तिच्यावर बसचं चित्र. ‘तिन्ही देश एकमेकांना लागून आहेत काका, आपल्याकडून धुळ्या-जळगावला जावं तसं,’ असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं होतं. निघायला आठवडा असताना फोन आला, की बाकूहून तिबिलिसीला विमानाने जावं लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील. का, तर सीमा बंद. कधीपासून? २०२०च्या मार्चपासून! करोना आला तेव्हा अझरबैजानने प्रवाशांसाठी जमिनीवरच्या सीमा बंद केल्या, त्या आम्ही गेलो तोवर उघडल्याच नव्हत्या. चार वर्षं बंद असलेला रस्ता कंपनीला आठवडाभर आधी कळतो! ‘बसचे पैसे वजा करून परत देऊ’ असं तेव्हा सांगितलं होतं.

आणि हे जॉर्जियाच्या बाजूचं झालं, ज्यांच्याशी अझरबैजानचं बरं आहे. आर्मेनियाशी तर काराबाख या दोघांच्या वादातल्या डोंगरी भागावरून नव्वदच्या दशकात झालेल्या लढाईपासून सीमाच बंद. तुर्कस्तानने १९९३ मध्ये आपलीही बंद केली. आर्मेनियाला चार शेजारी, त्यातल्या दोघांनी दार लावून घेतलेलं. जायचं यायचं ते जॉर्जियातून नाही तर इराणमधून. बाकूचं तेल भूमध्य समुद्राकडे नेणारी पाइपलाइनसुद्धा आर्मेनियाला वळसा घालून तिबिलिसीवरून नेली आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये काराबाखमधून एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं काही दिवसांत घरंदारं सोडून निघाली. २०२५च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला आर्मेनिया-अझरबैजान तहाच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या, हे खरं. आपल्या लेखात या सगळ्याला ‘किरकोळ जुने सीमावाद’ असे तीन शब्द मिळाले आहेत.

जॉर्जियात काखेती भागात आम्हाला एका शेतकऱ्याच्या घरी नेलं. पत्रकात ‘द्राक्षमळ्याला भेट’ असं होतं आणि मी त्याच्यासाठीच पैसे भरले होते. तळघरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, वर नुसतं तोंड दिसतं. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. त्यांना क्वेव्री म्हणतात. पांढरी द्राक्षंसुद्धा साल, बी, कधी कधी काड्यांसकट त्यात घालतात आणि तोंड बंद करून पाच-सहा महिने हात लावत नाहीत. रांजण धुवायला चेरीच्या सालीचा ब्रश. मोठा रांजण असेल तर माणूस आत उतरतो. या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये मान्यता दिली, आणि त्या देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर वाइनच्या खुणा सापडल्यात. वर्षाला एकच छाटणी, थंडीत वेल झोपलेला. आपल्या दोन छाटण्यांचं ऐकून त्या बुवांनी डोक्याला हात लावला. मला त्यांना विचारायचं होतं, द्राक्षावरच्या भुरी रोगाला काय मारता, डाऊनीचं काय करता. तेवढ्यात आमचा टूर मॅनेजर मागून, ‘काका, चला, मॉलला उशीर होतोय. इकडे तिकडे सगळं सेम रशियन कल्चर आहे. येरेवानला परत वाइनरी आहेच.’

बाकी काही नाही, पण ‘रशियन’ तेवढं त्या शेतकऱ्याला कळलं. त्याने गाइडमार्फत आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं, की २००६ मध्ये रशियाने त्यांच्या वाइनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत. बहुतेक माल तिकडेच जायचा, एका रात्रीत गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर २००८ मध्ये रणगाडेही आले, ते वेगळंच. मला समजवायची त्याला गरज नव्हती. आपल्या कांद्यावरची निर्यातबंदी त्याच महिन्यात उठली होती, डिसेंबरपासून लासलगावला जे चाललं होतं ते मी पाहून आलो होतो, आणि उठली तीही ४० टक्के शुल्काचं शेपूट लावून. आमचं बरं जमलं असतं, अजून तासभर मिळाला असता तर. मॉलमध्ये मात्र दोन तास दिले. सौंनी तिथे एक छत्री घेतली, ती चीनची निघाली.

साम्य नाहीच असं मी म्हणत नाही. मातीच्या भट्टीला आतून थापलेली रोटी तिन्हीकडे मिळते, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेलं सारण तिन्हीकडे. पण भांडण नेमकं त्यावरच! लवाश नावाची पातळ रोटी २०१४ मध्ये आर्मेनियाच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली, तर २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, तुर्कस्तान वगैरे पाच देशांनी मिळून आपलीही नोंद करून घेतली. लेखकाने येवल्याच्या पेठेत उभं राहून ‘पैठणी पैठणचीच’ असं मोठ्याने म्हणून बघावं, म्हणजे अंदाज येईल.

फोटोखालच्या ओळींबद्दलही थोडं. ‘आर्मेनियाचा अरारात पर्वत’ तुर्कस्तानात आहे. येरेवानमधून तो समोर दिसतो, त्यांच्या राजचिन्हावर आहे, पण तिथे जायला त्यांना सीमा ओलांडावी लागते. बाकूजवळचं आतेशगाह, म्हणजे अग्निस्थान, ‘हजारो वर्षांचं मंदिर’ नाही. आजची वास्तू सतराव्या-अठराव्या शतकातली, भारतातून गेलेल्या व्यापाऱ्यांनी उभी केलेली. दारावर देवनागरीत ‘श्री गणेशाय नमः’ आहे, सौंनी हात जोडले, मीही जोडले. पण ‘स्वयंभू ज्योत’ आता पाइपमधून आणलेल्या गॅसवर जळते. जमिनीतला वायू १९६९ मध्येच संपला. भारताशी नातं दाखवायचंच होतं, तर जॉर्जियाची राणी केतेवान होती. तिच्या अस्थी जुन्या गोव्यात सापडल्या आणि २०२१ मध्ये आपण त्या जॉर्जियाला दिल्या. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासला निघालं, तेही होतं. एवढं सगळं सोडून लेखक बाकूच्या काचेच्या इमारतींवर दोन परिच्छेद खर्च करतात.

जाता जाता. त्याच अंकात आमच्या भागातल्या अवकाळी पावसाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आहे, मथळा नेहमीचाच, ‘बळीराजा हवालदिल’. घडांना तडे गेलेल्या बागेत आपला एखादा फोटोग्राफर आला असता, तर त्यालाही दृष्ट लागण्यासारखे फोटो मिळाले असते. नाशिकला ‘वाइन कॅपिटल’ म्हणणाऱ्या पुरवण्या निघतात तेव्हा मात्र बाग बरोबर सापडते.

बसचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत. कंपनीची जाहिरात आपल्याच पुरवणीत, त्या लेखाच्या बरोबर खाली आहे: तीन देश, एक सहल, आरामदायी बसने. लाल रेघही तीच आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक