कार्टून आहे म्हणून बालविभागात नको

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत तुम्ही सिनेमा, नाटक, वेब सिरीज सगळ्यावर छापता पण अ‍ॅनिमेशन आलं की ते थेट मुलांच्या पानावर, हे मला अजिबात पटत नाही. 'फ्युचरामा' या अमेरिकन अ‍ॅनिमेशन सिरीजचा २००२ मधला 'ज्युरासिक बार्क' हा एपिसोड बघाच. पिझ्झा डिलिव्हरी करणारा फ्राय १९९९ च्या शेवटच्या रात्री गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो, तिथे म्युझियममध्ये त्याला स्वतःचाच कुत्रा सीमोर दिसतो, दगड झालेला, आता क्लोन करून त्याला परत आणता येतंय तरी फ्राय ऐनवेळी थांबवतो, कारण त्याला कळतं की कुत्रा १५ वर्षांचा होऊन मेला, म्हणजे आपल्यानंतर सुखात जगला असणार, आपल्याला विसरला असणार. आणि मग फक्त आपल्याला दाखवतात की सीमोर १२ वर्षं फ्रायच्या त्या पिझ्झाच्या दुकानाबाहेर वाट बघत बसला होता!

विनोदी सिरीज आहे ही. आमच्या परळमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांना हा शेवट कोणी समजावून सांगायची गरज नाही. २००३ मध्ये या एपिसोडला एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नॉमिनेशनही होतं.

मोठ्यांच्या पानावर अ‍ॅनिमेशनसाठी एक कॉलम सुरू करा, प्लीज.

– एक वाचक, परळ, मुंबई