रविवारचा फोर्ट वॉक, वेळेत या!!

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६:३० ला सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या बाहेर फिरोजशाह मेहतांचा पुतळा आहे ना तिथे भेटायचं. ६:४५ ला निघणार म्हणजे निघणार, मागच्या वेळी अर्धा तास वाट बघण्यात गेला आणि मग सगळे उन्हात भाजले.

आधी सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूचा किल्ल्याचा तुकडा. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, त्यातलं हे थोडंसं उरलंय आणि आपण रोज लोकल पकडायला समोरून पळतो पण कोणाचं लक्षच नसतं! मग १७१८ चं सेंट थॉमस चर्च, ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, कारण तटाचा त्या बाजूचा दरवाजा चर्चकडे जायचा. पुढे हॉर्निमन सर्कल, मुंबई समाचारची लाल बिल्डिंग (पेपर १८२२ पासून चालू आहे) आणि शेवटी भिखा बेहराम विहीर, १७२५ ची, समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं.

- विहिरीच्या आवारात फक्त पारशी लोकांना प्रवेश. आपण बाहेरूनच बघायचं, वाद घालायचा नाही.
- चर्चमध्ये रविवारची प्रार्थना असते, आत सोडलं नाही तर गपचूप पुढे.
- हॉस्पिटलजवळ आरडाओरडा आणि रील्स बंद, पेशंट असतात.
- पाण्याची बाटली, टोपी, चालायचे बूट.

नंतर इराण्याकडे बनमस्का, ज्याचा त्याने द्यायचा. मेगाब्लॉकचं टाइमटेबल आधीच बघा, येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.