आवाहन : मृगाआधी गुरुजींच्या खोलीवर पत्रे चढवायचे आहेत

गावातील व गावाबाहेर गेलेल्या सर्वांना सस्नेह नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे, म्हणून घाईत लिहितो आहे. मागच्या पावसाळ्यात वाचनालयाची मागची खोली गळली आणि गुरुजींनी जन्मभर जमवलेल्या अश्मयुगीन हत्यारांपैकी दोन खोक्यांतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. दगडाला पाण्यानं काय होतं, असं मला दोघातिघांनी विचारलं. दगडाला काहीच होत नाही. पण तो कोणाच्या वावरात, नाल्याच्या कोणत्या थरात सापडला, हे त्या चिठ्ठीवर होतं. चिठ्ठी गेली की उरतो नुसता गोटा. अशी ४७ हत्यारं मुकी झाली.

गुरुजींना जाऊन या चैत्रात तीन वर्षं झाली. लोक त्यांना ‘गोटेवाले मास्तर’ म्हणायचे, त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दर रविवारी ते पोरांना नाल्यावर न्यायचे. हातकुऱ्हाड पोराच्या तळहातावर ठेवून दोन्ही बाजू निरखायला लावायचे. दोन्हीकडून टवके काढून आणलेला तो सारखेपणा आपोआप येत नाही. पहिला घाव घालण्याआधी आकार डोक्यात असावा लागतो. तसं डोकं असलेल्या माणसाला रानटी म्हणायचं नाही, हे आमच्या दोन पिढ्या त्यांच्याकडून शिकल्या. बोटाच्या पेराएवढी गारगोटीची पाती दाखवून ते सांगत, की अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकानं ओळीनं बसवत. एक तुटलं की तेवढंच बदलायचं.

मद्रासजवळ पल्लावरम इथे भूगर्भतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना देशातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं ते १८६३ साली. आपलं नागपूरचं अजब बंगला संग्रहालयही त्याच सालचं. तमिळनाडूतल्या अत्तिरम्पक्कमची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरली आहेत. हत्यारं घडवणाऱ्या आदिमानवाची हाडं मात्र देशात फारच थोडी. १९८२ साली नर्मदेकाठी हथनोऱ्याला भूगर्भतज्ज्ञ अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, त्याचं म्हणूनच एवढं मोल. बाकी सगळी साक्ष दगडांचीच. अशी दगडी हत्यारं सापडलेली चंद्रपूरची पापामिया टेकडी तर आपल्या जिल्ह्यातलीच आहे.

हे काम एकट्या गुरुजींचं नव्हतं. बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी मजुरी न घेता रॅक करून दिला. बचत गटाच्या बायांनी गणपतीतल्या स्टॉलचे ₹२,१०० आणून दिले, वर खोली झाडून-सारवूनही दिली. नागपूरला शिकवणाऱ्या आपल्या लेकीनं दोन उन्हाळ्यांच्या सुट्या घालवून नोंदवही सुवाच्य अक्षरात उतरवली. तिनं उतरवलं तेवढंच आज शाबूत आहे, ती दोन खोकी राहून गेली होती. आणि नाल्यापलीकडचे आपले काकाजी! वखरताना धुऱ्याजवळ एका मोठ्या गारगोटीभोवती टवक्यांचा सडा दिसला, तर त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. पेरणीची घाई असताना तो पट्टा दोन दिवस तसाच ठेवला. नागपूरहून अभ्यासक आले, त्यांनी जागेचं मोजमाप केलं, आणि त्यातले दोन टवके मूळ दगडावर बरोब्बर बसले. म्हणजे कुणीतरी तिथंच बसून हत्यार घडवलं होतं. वखराचा आणखी एक फेर गेला असता तर हे कधीच कळलं नसतं. काकाजींचे उपकार वाचनालय विसरणार नाही.

मनातलं एक बोलतो, राग मानू नये. ग्रामसभेत हा विषय दोनदा शेवटी ठेवला गेला, आणि दोन्ही वेळा तो निघेपर्यंत सतरंजीवर आम्ही चौघंच उरलो होतो. टेकाडाचा मुरूम रस्त्यासाठी उचलला, तेव्हा आम्हाला कुणी शब्दानं सांगितलं नाही. हत्यारांचा अख्खा थर टिप्परमधून गेला. गुरुजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

खर्च असा : पत्रे व कैच्या ₹४२,०००, दोन बंद कपाटं ₹१८,०००, डबे, वार्निश, पक्की शाई व नोंदवह्या ₹४,५००. एकूण ₹६४,५००. जमा ₹२१,३००, बाकी ₹४३,२००. नंबर यापुढे दगडावरच घालायचा आहे : वार्निशाचा ठिपका, त्यावर शाई, वरून पुन्हा वार्निश. अक्षर चांगलं असलेली चार पोरं-पोरी त्यासाठी हवीत. मजुरीऐवजी श्रमदान चालेल, जुनं सागवान चालेल. रोख किंवा चेक वाचनालयात संध्याकाळी ५ ते ७, सोमवारी बंद. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. बाहेरगावच्यांनी घरच्यांच्या हाती पाठवावे. संग्रहाची यादी पुरातत्त्व खात्याकडे दिलेली आहे, यातला एकही दगड विकायचा नाही. वावरात नवीन काही दिसलं तर उचलू नका. शेजारी खुंटी ठोका, फोटो काढा आणि आम्हाला कळवा, रात्री-बेरात्रीही आम्ही येऊ. पत्र्याची ऑर्डर येत्या शनिवारी द्यायची आहे.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय