शेरीच्या रक्तातले जंत आणि आपले कूलर

माननीय आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
सविनय नमस्कार.

माझ्या भावाची गुवाहाटीहून कामठीला बदली झाली आणि त्याची कुत्री शेरी आमच्याकडे राहायला आली. पावसाळ्यात तिला खोकला लागला. जिना चढताना मध्येच बसून धापा टाकायची. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. लाल पेशींना ढुसण्या देत बारीक दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. हृदयातल्या जंतांची पिल्लं होती ती. मोठा जंत फूटभर लांब होतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूला, फुप्फुसाच्या धमन्यांत पाच ते सात वर्षं जगतो.

हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. मध्ये डास हवाच. ईशान्य भारतात तो बराच आढळतो. तिकडून एखादं आजारी जनावर आलं की पुढचं काम करायला आपले डास आहेतच. उबदार हवेत डासाच्या अंगात या जंताची अळी साधारण दोन आठवड्यांत तयार होते, 14 अंशांखाली तिची वाढ थांबते. एवढी थंडी नागपुरात पडते ती हिवाळ्यातल्या रात्रीच.

पावसाळा सगळ्यात वाईट. पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. निदान झालं त्याच संध्याकाळी मी आमच्या कूलरची वाळ्याची ताटी काढली. खाली चार बोटं पाणी, त्यात डासांच्या अळ्या खालीवर होत होत्या. शेरी झोपते ती जागा तिथून दहा पावलांवर.

हत्तीरोग आपल्याला नवा नाही. हा जंत त्याच्याच कुळातला. हत्तीरोगासाठी माणसांचं रक्त रात्री तपासतात, तशी कुत्र्यांचीही तपासणी सुरू करावी, ही माझी विनंती. नसबंदीसाठी आणलेल्या कुत्र्याला भूल दिलेलीच असते, तेव्हाच रक्त घेता येईल. पाळीव कुत्र्याच्या परवान्याच्या वेळी, विशेषतः ते परराज्यातून आलं असेल तर, तपासणी व्हावी. लागण झाल्यावर सहा महिने चाचणीत काही दिसत नाही, म्हणून ती दरवर्षी हवी. शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांची मदत घ्यावी. आणि जून संपायच्या आत घरोघरी कूलर रिकामे करून घ्यावेत.

कुत्रं पाळणाऱ्यांनाही एक सांगायचंय. महिन्याला एक गोळी दिली तर हा रोग टळतो, पण ती मनानेच आणून देऊ नका, आधी रक्त तपासा. जंत असताना दिली तर कुत्र्याला त्रास होऊ शकतो.

शेरीवर उपचार चालू आहेत. मेलेले जंत धमनीत अडकू नयेत म्हणून तिला पळायची मनाई आहे. फाटक वाजलं की उठते, साखळी ताणते आणि परत बसते.

आपली नम्र,
एक नागपूरकर