सायलेन्सरवरचा कर गेला, पण ट्रस्टमध्ये कुणाकुणाची नावं घालताय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमचा पेपर मी इथे टेक्सासात रोज सकाळी फोनवर वाचतो. जानेवारीत तुम्ही अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा कर शून्य झाल्याची एक छोटी बातमी छापली होती, ती वाचल्यापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं. बातमी चूक नव्हती, पण अर्धी होती. शेवटी "अनेक जण त्यासाठी फॅमिली ट्रस्ट करत आहेत" एवढं एक वाक्य टाकून तुम्ही मोकळे झालात आणि आपल्या इथल्या मराठी लोकांची गोची नेमकी त्या एका वाक्यात आहे.

आधी थोडं मागचं. 1934 मध्ये इथे नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला, दारूबंदी नुकतीच संपली होती आणि गँगस्टर लोकांच्या मशीनगनचा धसका सगळ्यांनी घेतला होता. मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीची रायफल (तेव्हा 18 इंचापेक्षा कमी, आता 16), 18 इंचापेक्षा आखूड नळीची शॉटगन, आणि 1968 पासून ग्रेनेड वगैरेही, या सगळ्याची केंद्र सरकारकडे नोंदणी आणि हस्तांतराला 200 डॉलर कर. त्या काळात 200 डॉलर म्हणजे डोळे पांढरे होण्यासारखी रक्कम होती, हेतूच तो होता की सामान्य माणसाने नादाला लागू नये. पण तो आकडा पुढे कुणी वाढवलाच नाही त्यामुळे नव्वद वर्षांत तो किरकोळ झाला. गंमत अशी की मूळ विधेयकात पिस्तुलंही होती आणि लोक रायफल कापून पिस्तुलाएवढी करतील म्हणून आखूड रायफल त्यात घातली, नंतर पिस्तुलं वगळली आणि आखूड रायफल तशीच राहून गेली. म्हणून आज टेक्सासात पिस्तूल तासाभरात घरी आणता येतं पण 15 इंच नळीच्या रायफलीला बोटांचे ठसे द्यावे लागतात.

2025 च्या 4 जुलैला ट्रम्पनी सही केलेल्या कर आणि खर्चाच्या त्या मोठ्या बिलात सायलेन्सर, आखूड रायफल आणि आखूड शॉटगन यांचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य केला. मशीनगन आणि ग्रेनेडसारख्या वस्तूंचे 200 डॉलर तसेच आहेत आणि तशीही मे 1986 नंतर बनलेली मशीनगन साध्या नागरिकाला घेताच येत नाही. पण गेला तो फक्त कर. फॉर्म, ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, एटीएफ या फेडरल खात्याकडची नोंदणी, सगळं जागच्या जागी आहे. आणि सायलेन्सर म्हणजे सिनेमात दाखवतात तसं फुस्स करून आवाज गायब होत नाही हो, 160 डेसिबलचा दणका साधारण 130 वर येतो इतकंच, कान वाचतात. इथे शेतात रानडुकरांनी उच्छाद मांडलेला असतो, त्यांची शिकार करणारे लोक मुख्यतः त्यासाठीच घेतात. बंदुका असाव्यात की नसाव्यात तो वाद मला इथे घालायचाच नाही.

आता ट्रस्ट. देवस्थानाचा असतो तसला नाही, धर्मादाय आयुक्त वगैरे काही भानगड नसते. चार-सहा पानांचा नाहीतर मग तीस पानांचा कागद, नोटरीसमोर सही, मागे एक यादी जोडलेली त्यात वस्तूचं नाव आणि सिरियल नंबर, झाला ट्रस्ट, आणि वस्तू तुमच्या नावावर न होता त्या ट्रस्टच्या नावावर नोंदवली जाते. 2016 पर्यंत याचा मोठा फायदा होता. स्वतःच्या नावावर घ्यायची तर गावच्या शेरीफची किंवा पोलीस प्रमुखाची सही लागायची आणि बऱ्याच ठिकाणी ते सरळ नाही म्हणायचे, ट्रस्टला मात्र सही पण नको आणि ठसे पण नकोत. जुलै 2016 मध्ये नियम बदलला. आता ट्रस्टमध्ये ज्याच्या ज्याच्या हातात अधिकार आहे त्या प्रत्येकाने ठसे, फोटो आणि वेगळा फॉर्म द्यायचा, शेरीफला नुसती प्रत पाठवायची. म्हणजे मेन पळवाट बंद होऊन दहा वर्षं होत आली, गप्पांमध्ये मात्र ती अजून उघडीच आहे.

मग लोक आता का करतात? करतात, आणि कारण बरोबर आहे. वस्तू एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर तो समोर असताना बायकोने नेमबाजीच्या रेंजवर वापरली तर चालतं, पण तो कामासाठी आठवडाभर बंगलोरला गेला आणि बंदुका ठेवायच्या सेफचा कोड बायकोला माहीत आहे, तर ती नोंद नसलेली वस्तू ताब्यात ठेवतेय असा अर्थ लावता येतो, आणि या कायद्याखाली शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. ट्रस्टमध्ये दोघं ट्रस्टी असतील तर हा प्रश्नच येत नाही, दोघांपैकी कुणीही एकट्याने वापरू शकतं. शिवाय नवरा गेला तरी ट्रस्ट चालू राहतो, कोर्टकचेरीत वस्तू अडकून पडत नाही. आमचा पण आहे, दोघांच्या नावाने, आणि त्याची काही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. आमच्या मंडळाच्या संक्रांतीला आत हळदीकुंकू चालू होतं आणि आम्ही पुरुष मंडळी बाहेर पार्किंगमध्ये उभे, तर ओळखीतला एक जण, सिटिझन आहे, आयटीत चांगल्या पदावर आहे, तो सांगायला लागला की नेटवरून ट्रस्टचा तयार मसुदा विकत घेतलाय आणि त्यात स्वतः, बायको, मेहुणा आणि पुतण्या असे चौघं ट्रस्टी घातलेत, तिळाची वडी तोडत अगदी अभिमानाने म्हणाला, घरातली सगळी आली पाहिजेत ना, उगाच कुणी नाराज नको. सातबाऱ्यावर सगळ्या भावांची नावं लावतात ना, तसलाच प्रकार. मेहुणा एच वन बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. पुतण्या एफ वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर एमएस करतोय आणि यांच्याच घरी राहतो.

आता हे नीट वाचा, विशेषतः ज्यांची मुलंबाळं इकडे आहेत त्यांनी. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवणं हाच गुन्हा आहे. एच वन बी, एच फोर, एल वन, एफ वन, आईवडिलांचा व्हिजिटर व्हिसा, सगळे त्यात आले, आणि ट्रस्टी झालं की ताबा आलाच असं धरतात. ग्रीन कार्ड असेल तर चालतं, व्हिसावर नाही. आणि सायलेन्सर हा नुसता धातूचा नळकांडा दिसत असला तरी कायद्याच्या व्याख्येत तो स्वतःच बंदूक आहे, त्यामुळे "गोळी कुठे सुटते त्यातून" हा बचाव चालत नाही. 2022 पासून या गुन्ह्याची शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत आहे. ज्याने माहीत असताना दिली त्यालाही तेवढीच, म्हणजे इथे काकाही आत आणि पुतण्याही आत. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढण्याचं कारण तयार होतं, ते तर ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. वीस वर्षं रांगेत उभं राहून मिळवलेलं कार्ड एका नळकांड्यापायी घालवायचं का?

अपवाद आहे, नाही असं नाही. राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर व्हिसावाल्याला सूट मिळते. पण पुतण्याच्या खिशातलं ते लायसन्स संपलं आणि कुणाच्या लक्षात नाही आलं, की त्या दिवसापासून तो गुन्हेगार. असल्या टेकूवर मी तरी कुणाचं नाव ट्रस्टमध्ये घालणार नाही.

त्या गृहस्थाचा अर्ज अजून गेला नव्हता, नशीब. गेला असता तरी नामंजूर झाला असता, कारण प्रत्येक ट्रस्टीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा आणि व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो. खरा धोका वेगळाच आहे आणि तो आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आधी नवरा-बायको असे दोघंच ट्रस्टी ठेवून अर्ज केला, मंजुरी आली, आणि मग सहा महिन्यांनी कागदावर मेहुण्याचं नाव चढवलं, तर ते एटीएफला कळवावं लागत नाही. ठसे नाहीत, तपासणी नाही, पुढची वस्तू घ्यायला नवा अर्ज करेपर्यंत कुणी विचारायला येत नाही. नेटवर तर हीच युक्ती म्हणून सांगतात, आधी एकट्याने काढा, नंतर नावं घाला, ठशांचा व्याप वाचतो. दोन सिटिझन असतील तर ठीक आहे, त्यात बेकायदा काही नाही. पण भारतातून आलेल्या माणसाला सवय असते की सरकार बघतंय. तिकडे परवाना माणसाच्या नावावर असतो, कलेक्टर नाहीतर पोलीस कमिशनर देतो, 2019 च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त दोन शस्त्रं, निवडणूक लागली की चौकीत जमा करायला सांगतात, आजोबांची बारा बोअर पाहिजे असेल तर नातवाला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. प्रत्येक पायरीवर कुणीतरी अडवतं, म्हणून अडवलं नाही म्हणजे चालतं असं आपण धरून चालतो. इथे अडवत नाहीत, आणि मग एक दिवस भलत्याच कारणाने पोलीस घरी आले की तो कागद बाहेर निघतो आणि त्यावर मेहुण्याची नोटरीसमोर केलेली सही असते.

बरं, ट्रस्टमध्ये नाव नाही म्हणून सुटलो असंही नाही. व्हिसावरचा माणूस घरात राहत असेल तर सेफचा कोड त्याला माहीत नसला पाहिजे, आणि आपल्याकडे गॅरेजचा, फोनचा, वायफायचा आणि सेफचा कोड म्हणजे मोठ्या मुलीची जन्मतारीख, ती तर अख्ख्या खानदानाला पाठ. तसंच पुण्याहून आलेल्या आईबाबांना रेंजवर नेऊन हातात रायफल देऊन फोटो काढायचे आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचे हे पण बंद करा. हंटिंग लायसन्स नसताना व्हिजिटर व्हिसावर रेंजवरची भाड्याची बंदूक हातात घेणं त्याच कलमात बसतं आणि तुम्ही स्वतःच त्याचा पुरावा तारखेसकट पोस्ट करताय.

दुसरं म्हणजे बदलीचं. टेक्सासातून नोकरीसाठी न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, आपली माणसं जातात ती बहुतेक याच राज्यांत, आणि या पाचही ठिकाणी सायलेन्सरला बंदी आहे. ट्रस्ट केला म्हणून राज्याचा कायदा बाजूला होत नाही. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये खोकं चढवलं तर न्यू जर्सीतल्या एडिसनला उतरताना तो गुन्हा असतो. आखूड रायफलीचं तर बंदी नसलेल्या राज्यात नेतानाही आधी एटीएफची मंजुरी घ्यावी लागते.

तयार मसुद्याबद्दल थोडक्यात. ट्रस्ट करणारा, एकमेव ट्रस्टी आणि एकमेव लाभार्थी हे तिन्ही एकच माणूस असेल तर ट्रस्ट उभाच राहत नाही, आणि स्वस्तातल्या मसुद्यात लोक नेमकं हेच करून ठेवतात. लाभार्थी म्हणून मुलांची नावं घाला, ती लहान असली तरी हरकत नाही, त्यांच्या हातात अधिकार नसल्याने ठसे पण लागत नाहीत. भारतातल्या भावाला लाभार्थी करण्यात मात्र काही हशील नाही, वस्तू बॅगेत घालून साताऱ्याला नेता येणार नाही, शेवटी इथेच विकावी लागणार. आणि ट्रस्टचं नाव छोटं ठेवा राव. साधी रायफल स्वतः आखूड करून घ्यायची असेल तर कायद्याने "बनवणारा" ट्रस्ट ठरतो आणि त्याचं नाव, गाव, राज्य त्या रायफलीवर कोरावं लागतं. श्री गजानन प्रसन्न फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट हे सगळं कोरून घ्यायला गेलात तर कोरणारा तुमच्याकडे कसा बघेल ते बघा.

वकील करायचा तर ज्याला बंदुकांचा कायदा कळतो त्याला गाठा, पण मसुदा सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलालाही दाखवा, कारण पहिल्याला व्हिसातलं कळत नाही आणि दुसऱ्याला ट्रस्टी म्हणजे ताबा हे माहीत नसतं. दोघांची फी मिळून जेवढी होईल ती एका चांगल्या सायलेन्सरच्या आसपास जाईल, जाऊ दे.

संपादक साहेब, पुढच्या वेळी अशी बातमी घेताना खाली एक चौकट टाका, व्हिसावर असलेल्यांनी आणि भेटीला जाणाऱ्या पालकांनी काय करू नये याची. तुमचे निम्मे वाचक जूनमध्ये नातवंडांकडे जायची तिकिटं काढून बसलेले असतात, मुलं काही त्यांना हे सांगणार नाहीत.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टनजवळ, टेक्सास
(नाव छापू नये ही विनंती)