रस्त्याची कडा कोणाच्या इस्टिमेटमध्ये?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात फोटो होता, नवी कोरी फवारा गाडी, पुढे नारळ फोडलेला, हार घातलेला, आजूबाजूला दहा-बारा मंडळी अन् खाली लिहिलेलं की आता शहरातली धूळ बसणार. बसली ना, खरंच बसली, आमच्या रस्त्यावरून ती गाडी सकाळी साडेदहाला गेली अन् अकराला मी परत दुकानाचं काउंटर पुसत होतो. एप्रिल चालू आहे, पारा चव्वेचाळीसला टेकलाय, डांबरावर टाकलेलं पाणी आपल्याकडे किती वेळ टिकतं ते खान्देशातल्या पोरासोरालाही माहितीये. त्यात आमच्या कॉलनीत नळ येतो दोन दिवसाआड, म्हणून गॅलरीत उभ्या बाया ती गाडी बघून जे बोलत होत्या ते पेपरात छापता येणार नाही.

शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की लगेच वॉर्डाचं राजकारण सुरू होतं. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, नंदुरबार, कुठलंही धरा, वाचणाऱ्याला आपलाच रस्ता वाटेल.

माझं झेरॉक्स अन् स्टेशनरीचं दुकान आहे, रस्त्याला लागून, सतरा वर्षं झाली. झेरॉक्सवाल्याला धूळ जेवढी कळते तेवढी डॉक्टरलाही कळत नसेल. काचेवर कण बसला की प्रत्येक कागदावर काळा ठिपका, आत गेला की उभी रेघ, अन् मग गिऱ्हाईक म्हणतं काका परत काढून द्या, सातबाऱ्यावर रेघ चालत नाही. मागे मेकॅनिकला तिसऱ्यांदा बोलावलं तर तो हसायलाच लागला, म्हणे भाऊ, मशीन चांगलंय, तुमचा रस्ता खराब आहे, त्याला सर्व्हिसिंगला टाका. तेव्हापासून मी रस्त्याकडे बघायला लागलो. धंदा मंद असला की बघायला वेळ भरपूर असतो.

तर बघा, आमचा रस्ता डांबरी आहे, चांगला आहे, दोन वर्षांपूर्वीच झालाय. पण डांबर संपतं तिथून गटारीपर्यंत दोन्ही बाजूला सहा-सात फूट नुसती माती, मुरूम अन् जुनी खडी. ही साइडपट्टी. रिक्षावाला पॅसेंजर घ्यायला तिथे उतरतो, दूधवाला उतरतो, शाळेची व्हॅन वळण घेते, समोरून ट्रक आला की टू-व्हीलरवाले सगळे खाली, अन् परत डांबरावर चढताना प्रत्येक चाक थोडी थोडी माती वर घेऊन येतं. मग ती माती डांबरावर पडते, मागच्या गाड्या तिला दळतात, पार गव्हाच्या पिठासारखी होते, अन् उडते. सकाळी झाडणाऱ्या बाया येतात, बिचाऱ्या उन्हाच्या आधी सगळं झाडून ढिगारे लावतात, कुठे? त्याच साइडपट्टीवर. दहाला वारा सुटला की ढीग परत डांबरावर. मोठ्या रस्त्याला झाडणारं मशीन फिरतं पण ते पण डिव्हायडरच्या कडेकडेने जातं, मातीच्या पट्टीवर त्याला काम नाही. म्हणजे आपण रोज जी धूळ उचलतो ती शेजारीच गोदामात पडलेली आहे अन् गोदाम उघडंच.

मी एक उद्योग केला. दुकानासमोर दहा फूट लांबीची डांबराची कडा एका रविवारी स्वच्छ झाडून घेतली अन् मग आठ दिवस रोज रात्री तेवढ्याच जागेतली धूळ झाडून तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकली. बायको म्हणाली लोक वेडा म्हणतील, म्हटलं म्हणू दे. शेजारी भाजीचा गाडा लावणाऱ्या मावशी रोज बघायच्या, एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, धूय खाई खाई पोट भरी गयं, आते भाजी कोन ली?" त्यांच्या वांग्यांवर पण हात फिरवला की बोटं मळतात, भरिताला नावाजलेलं आसोद्याचं वांगं आणलंय की गोणपाटातून काढलंय ते कळत नाही. डब्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

आता खोदाईचं. आमचा हाच रस्ता डांबर पडल्यावर दोन वर्षांत तीनदा खोदला. आधी पाण्याच्या पाइपसाठी, मग भुयारी गटारीसाठी, मग केबलवाले आले. तिघांचे ठेकेदार वेगळे, तिघांचे कागद वेगळे, अन् तिघांनी खोदलेली चारी बुजवली ती पण आपापल्या पद्धतीने, म्हणजे वरची माती परत आत ढकलली अन् उरलेली कडेला सोडली. आपली माती काळी, तापीकाठची भारी माती, कपाशीला सोनं पण रस्त्याला अवघड. ओली असते तोवर फुगते, पावसाळ्यात चारी खचते, लोक त्यात वीटा-रोडे टाकतात, अन् दिवाळीनंतर तीच माती वाळून भुगा होते. पाऊस आपल्याकडे जेमतेम चार महिने, उरलेले आठ महिने तो भुगा हवेत. ज्या इंजिनिअरनं पुण्या-मुंबईच्या मुरमाड जमिनीचं नियोजन बघितलंय त्याला हे लक्षात येत नसेल तर एकदा आमच्याकडे मार्चमध्ये चहाला यावं.

बरं नियम नाहीत असं पण नाही. केंद्राच्या पर्यावरण खात्याने २०१८ च्या जानेवारीत नियम काढलेत, ज्या शहरांत धूळ मर्यादेच्या वर आहे तिथे धूळ रोखण्याची सोय केल्याशिवाय खोदायचं नाही, माती, वाळू, बांधकामाचा राडारोडा उघडा ठेवायचा नाही, बांधकामाच्या जागेकडे जाणारा रस्ता पक्का पाहिजे, बांधकामाभोवती आडोसा पाहिजे. आमच्या गल्लीत चार बांधकामं चालू आहेत, वाळूवर ताडपत्री एकाचीही नाही, ताडपत्री आहे ती वॉचमनच्या झोपडीवर.

अन् जळगाव तर यादीतच आहे. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, ज्या शहरांची हवा ठरलेल्या मापात बसत नाही त्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातल्या दीड-दोन डझन शहरांमध्ये आपलं जळगाव. आधी म्हणाले २०२४ पर्यंत धूलिकण वीस ते तीस टक्के कमी करू, मग म्हणाले २०२५-२६ पर्यंत चाळीस टक्के. आपल्या देशाचं माप असं आहे की पीएम टेन, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, वर्षाच्या सरासरीत एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर नको. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. ६० चंच जमत नाही तर १५ ची गोष्ट काय करायची.

इथे कोणी हुशार माणूस म्हणेल की काका, खरा धोका बारीक कणांचा, पीएम अडीचचा, तो धुराचा असतो, डिझेलचा, कचरा जाळण्याचा, अन् तुम्ही धूळ धूळ काय लावलंय. बरोबर आहे त्याचं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये हिशोब मांडला होता, या कार्यक्रमाचा ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला अन् कारखान्यांच्या धुरावर एक टक्काही नाही. पण माझं म्हणणं हे आहे की तो ६४ टक्के पैसा धुळीवर गेला म्हणजे कशावर गेला? रस्ते करण्यावर, खड्डे बुजवण्यावर, झाडण्यावर, शिंपडण्यावर, गाड्यांवर. धूळ जिथून निघते त्या कडेवर किती गेला? कडा एकदा पक्की केली तर पुढच्या वर्षी शिंपडायचा पैसा वाचतो अन् तोच पैसा मग धुराकडे वळवता येतो. दोन्ही कामं एकमेकांच्या विरोधात नाहीतच.

धुराचं पण सांगतो थोडक्यात. उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाने २०१६ मध्येच पाच हजार दंड सांगितलाय, मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला बाहेर पडा, थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगतच तरंगत राहतो, अन् प्रत्येक कोपऱ्यावर एक शेकोटी, त्यात पाला कमी अन् कॅरीबॅग जास्त. भरीत पार्टीच्या कपाशीच्या काड्यांच्या धुराला मी काही बोलणार नाही, वांगं काड्यांवरच भाजलं पाहिजे, तेवढी सूट द्या. पण प्लास्टिक जाळणाऱ्याला कोणी हटकत नाही हे बरोबर नाही.

लांब कशाला, आपल्याच हायवेवर बघा. सुरत-नागपूर हायवे आपल्या दारातून जातो, त्याच हायवेवर पुढे अमरावती. केंद्राच्या २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली. जळगाव २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखाच्या वर, म्हणजे त्याच गटातलं शहर. तेच ऊन, तीच काळी माती, तोच हायवे. त्यांना जमतं अन् आपल्याला नाही, असं का? अन् हायवेच्या दुसऱ्या टोकाला सुरत, जिथे आपली अर्धी पोरं कामाला आहेत. तिथे २०१९ पासून कारखान्यांच्या धुरातल्या धूलिकणांवर एकूण मर्यादा लावली, ज्याने कमी सोडला त्याने उरलेला कोटा विकायचा, ज्याला जास्त लागतो त्याने विकत घ्यायचा, अन् चिमणीवर धूर मोजायचं मशीन. कारखान्यांचा धूर वीस-तीस टक्क्यांनी कमी झाला असं अभ्यासात निघालं. व्यापाऱ्यांचं शहर, व्यापाऱ्यांची भाषा त्यांना कळली. आपल्या एमआयडीसीतले डाळ मिलवाले काही कमी व्यापारी आहेत का.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो नवीन कॉलन्यांचा. शहराबाहेर एन.ए. म्हणजे बिगरशेती ले-आऊट पडतात, चुन्याच्या रेघा मारतात, गेट उभं राहतं, प्लॉट विकले जातात अन् रस्ता नावाची जी गोष्ट असते ती दहा-दहा वर्षं मुरूमच राहते. माझा मेहुणा असाच राहायला गेलाय, त्याच्या घरात पांढरी चादर घालत नाहीत, सगळ्या चादरी मातीच्याच रंगाच्या आणल्यात. अशा शंभर ले-आऊटमधून गाड्या रोज शहरात येतात त्या चाकाला माती लावूनच. अन् नियोजन काय असतं ते खान्देशाने शिकायला परदेशात जायची गरज नाही, १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ वसवली तेव्हा आधी सरळ रस्ते आखले मग व्यापारी बोलावले. दोनशे वर्षांपूर्वी जे क्रम कळत होते ते आता उलटे झालेत, आधी माणसं येतात, मग लाइट, मग नळ, मग निवडणूक, मग रस्ता. (धुळ्याच्या नावावरून जे जोक करतात त्यांनी आधी आपली गल्ली बघावी.)

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. रस्त्याचं इस्टिमेट बनेल तेव्हा ते गटारीपासून गटारीपर्यंत बनवा, मधल्या डांबराचं नको. कडेला पेव्हर टाका, पण सगळं सिमेंटने बंद करू नका, आधीच मे महिन्यात घरं भट्टी होतात, पाणी मुरायला फटी ठेवा, दर वीस-पंचवीस फुटावर झाडाला खड्डा ठेवा, कडुलिंब लावा, करंज लावा, ही झाडं आपलं ऊन सोसतात. मोकळी माती राहणारच असेल तर तिथे हरळी तरी लावा, मातीला मुळांनी धरून ठेवलं तरी पुष्कळ. खोदायचं असेल तर पाणी, गटार, केबल सगळ्यांना एका टेबलावर बसवा, एकदाच खोदा, पाइप-केबलसाठी कडेने एकच नाली करून ठेवा म्हणजे पुढच्याला डांबर फोडावं लागणार नाही, अन् चारीची कडा पहिल्यासारखी होऊन एक पावसाळा जाईपर्यंत ठेकेदाराचं डिपॉझिट सोडू नका. फवारा गाडी ठेवा हो, घेतलीच आहे तर, पण ती जिथे खोदाई चालू आहे तिथे उभी करा अन् तिच्यात गटारीचं शुद्ध केलेलं पाणी भरा, पिण्याचं नको.

अन् विकास आराखडा बनवणाऱ्यांना एक. कायद्याने वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारावा लागतो, म्हणजे एकदा चूक छापली की एक पिढी ती भोगते. हायवेला लागून शाळेचं आरक्षण टाकू नका. मोठ्या रस्त्याच्या पहिल्या दीड-दोनशे मीटरात गाड्यांचा धूर सगळ्यात जास्त असतो, मागे गेलं की कमी होत जातो. तिथे गोदामं टाका, शोरूम टाका, शाळा अन् दवाखाने आत घ्या. माझ्या दुकानात दुपारी शाळेची पोरं प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला येतात, विषय 'वायू प्रदूषण', चित्रात कारखान्याची चिमणी, अन् पोरगं दर वाक्याला खोकतंय.

साइडपट्टी कोणाकडे येते हे विचारायला मी तीन टेबलं फिरलो. एकाने सांगितलं बांधकाम, दुसऱ्याने सांगितलं आरोग्य, तिसऱ्याने विचारलं साइडपट्टी म्हणजे नेमकं काय. तुमच्या पेपरला विनंती आहे, फवारा गाडीचा फोटो छापलात, आता वाचकांकडून आपापल्या रस्त्याच्या कडेचे फोटो मागवा अन् रोज एक छापा, खाली फक्त एवढंच लिहा की ही कडा कोणत्या इस्टिमेटमध्ये आहे.

आपला,
एक झेरॉक्सवाला

ता.क. : डब्याचं राहिलं. आठ दिवसांची धूळ समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर मोजली, चार किलो तीनशे ग्रॅम भरली, दहा फुटाची. डबा दुकानात ठेवलाय, झाकण घट्ट लावून, कोणाला बघायचा असेल तर सकाळी दहा ते रात्री आठ, रविवारी बंद.